हाताला लागत नाही

फोनवर मेसेज आला. ‘फुल बॉडी चेकअप. ९९ चाचण्या. ६,५०० रुपयांचं पॅकेज फक्त १,९९९ रुपयांत. ऑफर रविवारपर्यंत.’ रविवारनंतर माझं शरीर महाग होणार की काय, असं मी मोठ्यांदा म्हणालो. त्यावर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “भरून टाका. ऐंशी-डीत बसतं.”

आमच्याकडे आरोग्याची आठवण मार्च महिन्यात होते. २०१२च्या अर्थसंकल्पात आयकराच्या ऐंशी-डी कलमाखाली प्रतिबंधक तपासणीच्या खर्चावर पाच हजारांपर्यंत वजावट देऊ केली, तेव्हापासून जुन्या कररचनेला चिकटून राहिलेल्या मध्यमवर्गाचं यकृत आर्थिक वर्ष संपताना तपासलं जातं. माझा हिशेब साधा होता. दोन हजारांवर चारशे-सव्वाचारशे वाचतील. पुढे सीए म्हणाला की आरोग्यविम्याच्या हप्त्यातच तुमचे पंचवीस हजार संपलेत आणि हे पाच हजार त्याच्याच पोटात येतात, वरून नाहीत. म्हणजे वाचले शून्य. पण तोवर रक्त देऊन झालं होतं.

नव्व्याण्णव या आकड्याने मी दबलो होतो, हे कबूल करतो. आपल्यात बिघडण्यासारखं एवढं काही असेल अशी कल्पनाच नव्हती. मग यादी वाचायला घेतली.

रक्ताची एक छोटी नळी एका यंत्रात एकदा जाते आणि पलीकडून चोवीस आकडे बाहेर पडतात. त्या झाल्या चोवीस चाचण्या. कोलेस्टेरॉलच्या खात्यात व्हीएलडीएल नावाचा एक भारदस्त मेंबर असतो. तो बहुतेक ठिकाणी कुणी मोजत नाही, ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्याला पाचाने भागलं की मिळतो. एलडीएलला एचडीएलने भागा, आणखी एक चाचणी. एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागा, आणखी एक. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी काढायची आणि तिच्यावरून सूत्राने ‘सरासरी साखर’ काढून तिलाही वेगळी ओळ द्यायची. चौथीतल्या पोराने पाटीवर केलेला भागाकार इथे लॅबोरेटरी टेस्ट म्हणून मोजतात. आणि लघवीचं पान तर संग्रही ठेवावं असं. रंग : फिकट पिवळा. ही एक चाचणी. स्वरूप : किंचित गढूळ. ही दुसरी. या हिशेबाने मी गेली पन्नास वर्षं रोज सकाळी घरच्या घरी दोन चाचण्या फुकट करतो आहे.

थाळीत मीठ, लिंबू आणि हात धुवायचं पाणी धरून ‘बत्तीस पदार्थ’ म्हणावं, त्यातला प्रकार.

तर शनिवारी सकाळी सात वाजता, बारा तासांचा उपाशी, मी सेंटरवर पोचलो. तिसरा मजला. लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’. हॉलमध्ये पहिली पंगत बसण्याआधीच्या मंगल कार्यालयाची कळा. सगळे नटून आलेले, सगळे भुकेले, आणि सगळ्यांचं लक्ष आतल्या दारातून येणाऱ्या उपम्याच्या वासाकडे. प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचं कुपन. पण रक्त दिल्याशिवाय नाश्ता नाही, आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय बाथरूम नाही. दुसरा नियम पहिल्यापेक्षा कठीण. सोनोग्राफीसाठी सहा ग्लास पाणी प्यायला लावून बसवून ठेवलेली माणसं ओळखू येतात. ती कुणाशी बोलत नाहीत.

(उपाशीपोटी म्हणजे पाणीही बंद, असं समजून कोरडे ठणठणीत येणारेही असतात. त्यांची शीर सापडत नाही. साधं पाणी चालतं. हे मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ‘रविवारपर्यंत’ मात्र तीनदा लिहिलेलं असतं.)

बीपी. मी तीन मजले चढून आलो होतो, मूत्राशय काठोकाठ भरलेलं होतं. मला एका उंच स्टुलावर बसवलं, पाय हवेत लोंबकळत होते, हातही लोंबकळत होता, आणि पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळला. पट्टा फुगत असताना सिस्टरने विचारलं, “काका, शुगर आहे? बीपी आहे? तंबाखू? सिगारेट? ड्रिंक्स?” शेवटच्या प्रश्नाला सौभाग्यवती शेजारी उभी होती. यंत्राने १६४/९६ दाखवलं. माझ्या मते त्यातले दहा पॉइंट नक्की त्या प्रश्नाचे असणार.

बीपी मोजण्याची रीत काही गुपित नाही. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नाही. लघवीला जाऊन यायचं. आणि मोजताना कुणी बोलायचं नाही, रुग्णाने नाही आणि मोजणाऱ्यानेही नाही. या यादीतली एक जरी गोष्ट त्या सकाळी पाळली गेली असेल तर ती चहाची. तीसुद्धा उपास होता म्हणून.

वजन बूट, किल्ल्या आणि मोबाइलसकट अठ्ठ्याहत्तर. उंची एकशे अडुसष्ट. बीएमआय सत्तावीसच्या वर. गोऱ्या माणसाला पंचविसापर्यंत सूट आहे, आपल्याला तेविसाला घंटा वाजते आणि पंचविसाला स्थूल म्हणतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्या पोटावर चरबी जास्त साठते आणि साखर लवकर चढते. इंग्रज गेले तरी हा फरक राहिला. कंबर मात्र कुणी मोजली नाही. पुरुषाला नव्वद सेंटिमीटर, बाईला ऐंशी, त्याच्यापुढे गेलात तर सावध व्हा, असं सांगणारी ही चाचणी शिंप्याच्या टेपने होते. त्यामुळे तिला पॅकेजमध्ये जागा नाही.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत गार जेल, ‘श्वास घ्या, धरा, सोडा’. निष्कर्ष : ग्रेड वन फॅटी लिव्हर. माझ्या ओळखीत चाळिशीपुढच्या ज्या ज्या माणसाने सोनोग्राफी केली त्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्र मिळालेलं आहे. कुणाला नाही मिळालं तर त्याने पेढे वाटावेत.

आणि मग ‘फिजिशियन कन्सल्टेशन’. पॅकेजमधली हीच एक गोष्ट अशी, जिच्यात माणूस माणसाला भेटतो. भेट चार मिनिटांची झाली. मी घड्याळ लावलं होतं. डॉक्टर तिशीचे, चेहरा कॉम्प्युटरकडे. “काही त्रास?” “नाही.” “छान. मीठ कमी, तेल कमी, चाला.” स्टेथोस्कोप गळ्यात होता, पण मंगळसूत्रासारखा, दर्जा कळण्यापुरता. त्यांना दोष देववत नाही. त्या मुलाला दुपारपर्यंत चाळीस ‘फुल बॉड्या’ संपवायच्या होत्या.

ज्याने हे नळकांडं शोधलं तो फ्रेंच डॉक्टर लेनेक. १८१६मध्ये एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकलं. संकोचातून का होईना, पण ऐकलं. त्याच्या आधी १७६१मध्ये व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने छातीवर बोटांनी टकटक करून आत पाणी आहे की हवा ते ओळखायची रीत छापली. हा खानावळवाल्याचा मुलगा. दारूचं पिंप कुठपर्यंत भरलंय ते बाहेरून ठोकून कळतं, हे त्याला धंद्यातलं ज्ञान. आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. आपण माठ घेताना टिचकी मारतो, कलिंगड घेताना थाप मारतो. वीस रुपयांच्या कलिंगडाला आपण जेवढा हात लावतो, तेवढा हात दोन हजारांच्या पॅकेजमध्ये मला कुणी लावला नाही.

रात्री अकरा वाजता रिपोर्ट आला. तेवीस पानी पीडीएफ. सात लाल बाण. घरात शांतता पसरली. शेजारच्या काकांना चष्मा घेऊन बोलावण्यात आलं. त्यांनी एकेका बाणाला एकेक नातेवाईक काढला : हा बाण असलेले भाऊजी कसे गेले, तो बाण असलेल्या मावशी अजून कशा आहेत.

बाणाची गंमत सांगतो. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल रेंज’ अशी ठरवतात : शंभर धडधाकट माणसं घ्या, मधल्या पंच्याण्णवांचे आकडे धरा, दोन्ही टोकांची पाच सोडून द्या. म्हणजे धडधाकटांपैकी पाच जण नुसत्या व्याख्येनेच बाद. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता चौसष्ट टक्के निघते. नव्व्याण्णव केल्यात तर लाल बाण न येणं हीच घटना दखल घेण्याजोगी. मग त्या बाणासाठी पुढची चाचणी, तिच्यासाठी स्कॅन. १,९९९ ही पॅकेजची किंमत नव्हे, ते प्रवेशाचं तिकीट.

पण खरा खजिना एकोणिसाव्या पानावर होता. ‘शारीरिक तपासणी’. मूळ इंग्रजीत, मी मराठीत देतो.

जीभ : नॉर्मल. (दाखवली नव्हती.)

मानेतल्या गाठी : नाहीत. (मानेला कॉलर होती, तीही काढली नव्हती.)

दात : नॉर्मल. उजवीकडची खालची दाढ मी दिवाळीत काढून घेतली आहे. “मग त्या डेंटिस्टकडून पैसे परत मागा,” असं घरात सुचवण्यात आलं.

यकृत व प्लीहा : हाताला लागत नाहीत.

ही शेवटची ओळ मला फार आवडली. हातच लागला नाही, तर प्लीहा हाताला लागणार कशी? इतकं निखळ सत्य त्या तेवीस पानांत दुसरं नाही. खाली सही, शिक्का आणि तीन अक्षरं : एनएडी. म्हणजे ‘नो ॲबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड’. डॉक्टर लोक आपापसात या अक्षरांचा दुसरा अर्थ सांगून हसतात : ‘नॉट ॲक्चुअली डन’.

सोमवारी संध्याकाळी मी फाइल घेऊन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. वय बहात्तर. लाकडी बाक, कंपाउंडर नाही, आता औषधाच्या पुड्याही नाहीत, पण वजनकाटा तोच. त्यांनी फाइल हातात घेऊन तोलली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, “बूट काढ.”

पहिली पाच मिनिटं ते स्वतःचा पेपर वाचत बसले. मला वाटलं विसरले. नंतर कळलं की बीपी मोजण्याआधीची ती पाच मिनिटं होती. १४२/८८. थोड्या वेळाने पुन्हा, १३८/८६. “पहिल्यांदा आलं ते काय होतं?” मी विचारलं. “जिना होता,” ते म्हणाले. “आठवडाभर घरी मोज, सकाळ-संध्याकाळ. लिहून आण. मग गोळीचं बघू.”

मग त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. मानेवर बोटं ठेवून “आवंढा गिळ” म्हणाले. नडगीच्या खाली अंगठा दाबून धरला आणि खड्डा पडतो का ते पाहिलं. पाठीवर टकटक केली, वरून खाली, डावीकडे-उजवीकडे, मान थोडी तिरकी करून, बिघडलेला रेडिओ लावणाऱ्या माणसासारखं तोंड करून. पोटाला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासून उबवून घेतले. हे मी खूप वर्षांनी पाहिलं. बरगडीखाली बोटं रोवून म्हणाले, “मोठा श्वास घे.” यकृत श्वासाबरोबर खाली येतं आणि वाढलेलं असेल तर बोटाला येऊन लागतं, त्यासाठी. “नाही लागत,” ते म्हणाले. वाक्य तेच होतं, एकोणिसाव्या पानावरचं.

“आ कर.”

बॅटरी. लाकडी पट्टी. जीभ वर, जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे. गाल आतून ताणून. डाव्या गालापाशी बॅटरी थांबली.

“उजवीकडची दाढ कधी काढलीस?”

“दिवाळीत.”

“आणि तेव्हापासून सुपारी डावीकडे ठेवतोस.”

मी गप्प.

“किती?”

“जेवणानंतर.”

“कुठल्या जेवणानंतर?”

याला तिरकस सदर म्हणतात. मी जे लिहितो ते नव्हे.

त्यांनी मला तीन बोटं उभी जोडून तोंडात घालायला लावली, दातांच्या वरच्या आणि खालच्या रांगेमधून. आपलीच बोटं, आपलंच तोंड. सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, तोंड कमी कमी उघडायला लागतं. आधी तीन बोटं जात नाहीत, मग दोन. माझी तीन गेली. गालावर मात्र तुरीच्या डाळीएवढा पांढरट चट्टा होता. “सुपारी बंद. पंधरा दिवसांनी दाखव. गेला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवू.” मी म्हटलं, तंबाखू तर नाही ना त्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारकांच्या पहिल्या यादीत टाकून वीस वर्षं झाली, हे त्यांनी मला ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात माझ्या वडिलांनी सहामाहीचं प्रगतिपुस्तक वाचलं होतं.

नव्व्याण्णव चाचण्यांत हे कुठे होतं? कुठेच नव्हतं. गालाच्या आत काय आहे ते सांगणारा आकडा रक्तात नसतो, तिथे बॅटरी मारावी लागते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली, तेव्हा तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. हा निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावी झालेल्या मुलींना शिकवून त्यांच्याकडून गर्भाशयमुखाला चार टक्क्यांचं व्हिनेगर लावून घेतलं, पांढरं उमटतं का ते पाहायचं. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगर! चायनीजच्या गाडीवरचं. आमच्या हिच्या पॅकेजचं नाव ‘वुमन्स वेलनेस प्लॅटिनम’. त्यात चार हार्मोन, तीन व्हिटॅमिन आणि कर्करोगाचे दोन ‘मार्कर’ आहेत, जे धडधाकट बाईतही उगाच वाढलेले सापडू शकतात. गर्भाशयमुख नाही. स्तनांना तज्ज्ञ हात लावणंही नाही.

सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकासाठी पाच गोष्टी धरल्या आहेत : बीपी, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख. पाच! ती तपासणी प्रत्यक्षात किती ठिकाणी आणि कशी होते तो वेगळ्या आठवड्याचा विषय. पण पाच चाचण्यांचं पॅकेज विकत कोण घेईल? मी तरी घेतलं असतं का?

डॉक्टरांनी अखेर फाइल उघडली. सात बाण चाळले. एचबीए१सी ६.१ होतं, तिथे पेन्सिलने गोल केला. साडेसहापासून मधुमेह, ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर. “हा एक खरा बाण. जेवणातला भात अर्धा कर, आणि चालायला म्हणजे चालायला जा, भाजी आणायला नव्हे.” बी-१२ कमी, त्याची गोळी. बाकीच्या बाणांवर त्यांनी आडवी रेघ मारली. मी म्हटलं, मग दरवर्षी करून घेऊ ना हे? जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी २०१९मध्ये सतरा चाचणी-प्रयोग आणि अडीच लाख माणसं एकत्र धरून पाहिलं होतं, अशा सरसकट तपासण्यांनी मृत्यू जवळपास कमी होत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलंही होतं. ते म्हणाले, “तिकडे माणूस एरवीही डॉक्टरकडे जात असतो, मध्ये केव्हातरी बीपी सापडतंच. आपल्याकडे चक्कर येऊन पडल्याशिवाय कोण येतो? तू शेवटचा कधी आला होतास?”

मी आठवून पाहिलं. मुलीच्या कॉलेजच्या फिटनेस सर्टिफिकेटला आलो होतो. तेही तिला न घेता, आणि त्यांनी दिलं नव्हतं.

फी दीडशे रुपये. पावती मागावी असं मनात आलं होतं, ऐंशी-डीसाठी. नाही मागितली.

सेंटरवरून फोन येतो आहे. “सर, तुमचा अनुभव एक ते पाचमध्ये सांगाल का? आणि मॅडमसाठी कपल ऑफर आहे.” मी त्यांना दाढेबद्दल विचारलं. ते म्हणाले, वरिष्ठांशी बोलून सांगतो.

आज सुपारीविना अकरावा दिवस. चट्टा पुसट होतोय की नाही ते मला आरशात कळत नाही, गाल ताणला की सगळंच पांढरं दिसतं. गुरुवारी दाखवायला जायचं आहे. हे सदर लिहिताना माझा हात चार वेळा खिशात गेला. खिशात किल्ल्या आहेत.